गृहिणीची जागा : सेवाग्रामच्या बा-कुटीवरून

वर्ध्याकडे जाण्याचा योग आला म्हणजे सेवाग्रामास जाऊन येण्याची सुशिक्षित कुटुंबांची रीत अजून मोडलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. वर्ध्यापासून अवघा आठ किलोमीटरचा रस्ता. मंडळी बापू-कुटी पाहतात. व्हाइसरॉयांशी बोलणे व्हावे म्हणून सरकारने बसविलेला टेलिफोन पाहतात. साप धरून दूर नेऊन सोडण्यासाठी ठेवलेला पिंजरा आणि लाकडी चिमटा पाहून मुले हरखतात. प्रार्थनाभूमीपाशी घटकाभर बसणे होते आणि मंडळी परततात. बापू-कुटीजवळच एक लहानसे घर आहे. त्याच्या दाराशी पावले क्षणभर थांबतात, 'ही बांची कुटी' असे कोणी तरी सांगते, आणि पावले पुढे वळतात. या महिन्यात त्या दुसऱ्या घराविषयी लिहावे असे आम्ही योजिले आहे. राष्ट्राच्या इतिहासात पहिल्या घराचे स्थान मोठे आहे यात शंका नाही. परंतु संसार चालविणाऱ्यांच्या दृष्टीने पाहू गेल्यास दुसरे घर अधिक बोलके आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. गांधीजी या गावी राहावयास आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे विदर्भातील ऐन उन्हाळ्यात. गावाचे नाव तेव्हा सेगाव होते. श्रीगजाननमहाराजांचे शेगाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. तेथील आणि येथील टपालाचा घोटाळा होऊ लागला, यास्तव १९४० साली या गावास 'सेवाग्राम' हे नाव मिळाले. जमीन शेठ जमनालाल बजाज यांची. पहिले घर जे उभे राहिले त्यास आज 'आदिनिवास' म्हणतात, आणि आमच्या विषयाचा आरंभ तेथूनच होतो.

आदिनिवास म्हणजे मुख्यत्वे एकच मोठे दालन आणि भोवती पडव्या. या एका दालनात गांधीजी राहत, कस्तूरबा राहत, प्यारेलालजी राहत. संत तुकडोजी महाराजांचा मुक्काम येथेच झाला आणि खान अब्दुल गफार खानही येथेच उतरले. कोणाचा कोपरा कोणता एवढे ठरलेले असे, मधे भिंत म्हणून नाही. थोर पुरुषांचा असा एकत्र निवास वाचावयास मोठा रम्य वाटतो. परंतु त्या दालनात साठीच्या पुढच्या वयाची एक स्त्री होती. तिने केस कोठे विंचरावे, लुगडे कोठे बदलावे, अंग मोडून आले असता पाठ कोठे टेकावी, याचा विचार थोर पुरुषांच्या त्या मेळ्यात सहजासहजी कोणास सुचला नसावा. बांची ही अडचण जमनालालजींच्या ध्यानात आली. त्यांनी गांधीजींची संमती घेऊन बांसाठी हे वेगळे लहान घर बांधून दिले. तीच बा-कुटी.

घर अगदी साधे आहे. मातीच्या भिंती, वर कवेलू, एक राहती खोली, पडवी आणि स्नानाची सोय. पाहण्यासारखे असे तेथे काही नाही म्हटले तरी चालेल. परंतु दार आहे, आणि ते आतून लावता येते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटत असल्यास आपल्या जुन्या वाड्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. ओसरी पुरुषांची, दिवाणखाना पाहुण्यांचा, देवघर देवाचे, कोठीची खोली धान्याची. माजघर बायकांचे म्हणावे, तर तेथे सासू, जावा, नणंदा, विधवा आत्या आणि पाळण्यातली मुले अशी सारी एकत्र नांदत. स्त्रीस स्वतंत्र जागा मिळे ती दोनदाच : बाळंतपणात काळोख्या खोलीत, आणि महिन्याचे तीन दिवस बाजूला बसावयाचे तेव्हा. त्या तीन दिवसांविषयी राग असूनही 'तेवढाच पाठीला विसावा मिळे' असे सांगणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. विश्रांतीसाठी विटाळाचा आधार घ्यावा लागावा, यावरून त्या घरांच्या रचनेविषयी काय ते समजावे! रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पतीच्या प्रोत्साहनाने लिहावावाचावयास शिकणाऱ्या सुनेस घरातील बायकांचे किती टोमणे ऐकावे लागले, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. एवढ्या मोठ्या न्यायमूर्तींच्या घरची ही स्थिती. १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फ या आंग्ल लेखिकेने स्त्रीस लेखन करावयाचे तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची एक खोली हवी, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले, आणि त्याची कीर्ती जगभर झाली. बांना ग्रंथ लिहावयाचा नव्हता. खोलीची गरज ग्रंथ लिहिणाऱ्या स्त्रीसच असते असे नाही, हे बा-कुटीपुढे उभे राहिले असता अधिक पटते.

आता त्या मातीच्या घरांविषयी. अलीकडे शहरातील सधन मंडळींस मातीच्या घराचे वेड लागले आहे. फार्महाऊसच्या भिंतींस मातीचा गिलावा द्यावा, त्यावर वारली चित्रे काढून घ्यावी, अंगणात कंदील टांगावा, अशी हौस दिसते. हौसेस आमचा विरोध नाही. बापू-कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीच्याच उठावाने काढलेली ताडाची झाडे आणि चरखा पाहिल्यावर ती हौस कोणासही व्हावी. आसपास मिळणारी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू घेऊन गावच्या कारागिरांनी बांधलेली ही घरे वर्ध्याच्या उन्हाळ्यास चांगली तोंड देतात. माती सावकाश तापते व सावकाश निवते. छपराची वळचण बरीच पुढे आलेली असल्याने भिंतीवर थेट ऊन पडत नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. हे सारे खरे आहे.

परंतु मातीचे घर एकदा बांधले म्हणजे झाले असे नसते. ते दरवर्षी नव्याने राखावे लागते. पावसाळ्यापूर्वी छपरावर चढून कवेलू फेरावे लागतात, म्हणजे फुटके काढून नवे बसवावयाचे आणि सरकलेले नीट रचावयाचे. भिंतींचे पोपडे निघाले की लिंपण आले. जमिनीस आठ-पंधरा दिवसांनी शेणाचे सारवण लागते, नाही तर पोपडे निघून धूळ उडू लागते. वाळवी लागली आहे का हे पाहत राहावे लागते. पिढ्यान् पिढ्या या कामांपैकी छपरावर चढण्याचे काम पुरुषांचे आणि बाकीचे सारे बायकांचे, अशी वाटणी आपल्या खेड्यांतून चालत आली. यजमान साधे राहू लागले म्हणजे घरातील बाईच्या कामात चार कामांची भर पडते. गिरणीचे पीठ सोडले की जाते तिच्या वाट्यास, भांडी घासणारी सोडली की राखेचा हात तिचा.

गांधीजींच्या स्वतःच्या संसारातही हा प्रसंग येऊन गेला होता, आणि तो त्यांनी आत्मकथेत लपविलेला नाही. १८९८ साली, डर्बानच्या घरी, खोल्यांतील मूत्रपात्रे घरच्या मंडळींनीच स्वच्छ करावी असा त्यांचा दंडक होता. एका कारकुनाचे पात्र नेताना बांच्या डोळ्यांत पाणी आले. काम तर करावेच, पण हसतमुखाने करावे, असा पतीचा हट्ट! शब्दास शब्द वाढला आणि गांधीजींनी पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढीत नेले. तत्त्व निर्दोष होते. परंतु तत्त्व एकाचे आणि हात दुसऱ्याचे, अशी ती वाटणी होती. आमच्या मते त्यानंतरच्या आश्रमांतील मोठा पालट हा की तेथे काम वाटून दिलेले असे. सेवाग्रामास भाजी चिरणे, दळणे, झाडणे, संडास साफ करणे ही कामे स्त्रीपुरुष सर्वांच्या वाट्यास येत आणि जेवल्यावर ज्याचे ताट त्यानेच घासावयाचे असे. परचुरेशास्त्री हे महारोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित १९३९ साली आश्रमात आले, तेव्हा त्यांच्या अंगास मालीश करण्याचे काम स्वतः गांधीजी करीत. एरवी रोग्याची शुश्रूषा घरातील कोणाच्या गळ्यात पडते हे आमच्या भगिनींस सांगावयास नको.

आता कातण्याविषयी. आपल्यापैकी कित्येक घरांत माळ्यावर पेटी चरखा किंवा निदान एखादी टकळी अजून निघेल. आजोबांची आठवण म्हणून ती ठेवलेली असते. सुताचा हिशेब मात्र विसरला गेला आहे. चार फुटांचा एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत सुमारे ८५३ वार सूत. आता एक साधे लुगडे घेऊ : नऊ वार लांब, ४५ इंच पन्ना, विणीत इंचास ४० उभे आणि ४० आडवे धागे. उभे धागे १,८००, प्रत्येक नऊ वारांचा. झाले १६,२०० वार. आडव्यांचा हिशेबही तितकाच येतो. एकूण ३२,४०० वार, म्हणजे ३८ गुंड्या. सराईत हाताने तासाला सव्वातीनशे वार निघते असे धरल्यास शंभर तास. रोज अर्धा तास कातले तर दोनशे दिवस. यात कापूस पिंजणे, पेळू करणे, ताणा लावणे व विणणे धरलेले नाही. पाचवारी साडीस याच हिशेबाने १८,००० वार आणि पंचावन्न तास लागतील.

ज्या वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीत हा कापूस पिकतो आणि ज्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी परदेशच्या बाजारांत होते, तेथील शेतकऱ्याच्या पदरी त्या कापसाने काय टाकले हा विषय फार वेदनेचा आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्ययोजना जाहीर केली त्यांत वर्धा होता, एवढाच उल्लेख येथे करतो. त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

सुताचा हिशेब एवढा विस्ताराने दिला त्यास कारण आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनास बा गेल्या त्या पुन्हा सेवाग्रामास आल्या नाहीत. गांधीजींस पकडल्यावर त्याच दिवशी त्यांनाही पकडण्यात आले आणि पुण्यास आगाखान महालात ठेवण्यात आले. तेथे पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर गांधीजी त्यांना वाचनलेखनाचे धडे देत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीस, तेथेच बांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. पतीने पत्नीस साडी घेणे ही आपल्याकडे पाडव्याची रीत आहे. त्यास पैसा लागतो आणि दुकानात घालविलेला एक तास लागतो. पंचावन्न तास बसून तिच्यासाठी सूत काढणे ही निराळी गोष्ट आहे. साठ वर्षांच्या संसारात डर्बानच्या फाटकापासून या साडीपर्यंतची वाट त्या दोघांनी चालून काढली. त्या वाटेवरील एक टप्पा म्हणून बा-कुटीकडे पाहिले पाहिजे.

गांधीजी १९४४ साली सेवाग्रामास परत आले, ऑगस्ट १९४६ मध्ये तेथून गेले आणि त्यांचेही परतणे झाले नाही. बांच्या हातचे बकुळीचे झाड आश्रमात आहे. बापूंनी लावलेला पिंपळही आहे. जाणाऱ्यांनी शक्यतो डिसेंबर-जानेवारीत जावे. मे महिन्यात लहान मुलांस नेऊ नये. वर्ध्यास मगन संग्रहालय आहे. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. चरख्यांचे आणि ग्रामोद्योगांच्या अवजारांचे प्रकार तेथे एकत्र पाहावयास मिळतात. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

वाडे गेले, सदनिका आल्या. आमच्या परिचयातील नव्या घरांची आम्ही मनातल्या मनात मोजणी केली. मुलाच्या अभ्यासाची खोली आहे. यजमानांच्या संगणकाचे मेज आहे. आजोबांची आरामखुर्ची खिडकीशी आहे आणि ती कोणी हलवीत नाही. गृहिणीची जागा विचारली तर 'सारे घर तिचेच आहे' असे उत्तर येते. हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातील सोय आता आम्हांस नीट दिसू लागली आहे. सारे घर जिचे, तिला त्यातील कोणत्याही खोलीत हाक मारता येते.

आमच्या ओळखीच्या एका घरी मात्र निराळे घडले. सासूबाईंनी चाळीस वर्षे त्या घरचे केले. सून नोकरी करणारी. तिने मागील गॅलरीला बांबूचा तट्टा लावून घेतला, एक खुर्ची, एक दिवा आणि कुलपाचे लहान कपाट ठेवले, आणि किल्ली सासूबाईंच्या हाती दिली. पहिले आठ दिवस त्या तेथे बसल्याच नाहीत. 'जागा फुकट कशाला घालवायची' म्हणून त्यांनी तेथे नातवाचे कपडे वाळत घातले. सुनेने रोज संध्याकाळी ते कपडे काढून दुसरीकडे घातले. बोलली काहीच नाही. नवव्या दिवशी दुपारी चहाची वेळ टळून गेली तरी स्वयंपाकघरात हालचाल दिसेना, म्हणून यजमान शोधीत गेले. तट्ट्याआड दिवा लागलेला होता. "आई, चहा?" त्यांनी बाहेरूनच विचारले. आतून उत्तर आले, "ठेव की तूच. मला अर्धा कप आण."