स्वस्त तासाचा भरवसा

घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पायथ्याशी ५ मेगावॉटचं एक छोटं वीजगृह आहे. वर हुतात्मा बाबू गेनू सागरात वापरण्याजोगं पाणी साडेबारा टीएमसीच्या आसपास. वीजबाजाराच्या नजरेने पाहिलं तर याहून सोयीची वीज नाही. ती पाण्याच्या रूपात साठवता येते, झडप उघडली की काही मिनिटांत तयार होते आणि संध्याकाळी भाव चढला की विकता येईल. प्रत्यक्षात तसं होत नाही. डिंभ्याचं पाणी कुकडी प्रकल्पाचं आहे आणि त्यावर आंबेगाव, जुन्नर, शिरूरपासून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. आवर्तन कधी सोडायचं हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथली भांडणं उभ्या पिकांची आणि पिण्याच्या पाण्याची असतात. विजेच्या भावाचा विषय तिथे निघत नाही, निघूही नये. पाणी सुटलं की जनित्र फिरतं, पाणी थांबलं की तेही थांबतं.

कोयनेचं गणितही मुळात असंच आहे. १,९६० मेगावॉटचा हा प्रकल्प राज्याची संध्याकाळ सावरतो, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. साठा हाताशी असणं निराळं आणि तो हव्या त्या तासाला वापरायची मुभा असणं निराळं. उद्योगांना सध्या 'लवचीकपणे वीज घ्या, खर्च वाचवा' असा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्यात हा फरक बहुतेकदा गाळलेला असतो.

सल्ला मुळात चुकीचा नाही. विजेचा भाव तासागणिक बदलतो. देशात २००८ पासून वीज एक्सचेंज चालू आहे आणि तिथे दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून सौदे होतात. भर दुपारी सौरऊर्जेचा पूर आला की भाव कोसळतो, दिवेलागणीनंतर तो कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला १० रुपयांना भिडू शकतो. ज्याला आपलं काम संध्याकाळवरून दुपारवर नेता येतं त्याचा फायदा होणारच. फक्त कोणता तास स्वस्त, हे सूर्याइतकंच वीज नियामक आयोगही ठरवतो, आणि आयोगाचं मत बदलतं.

महाराष्ट्रात नेमकं हेच घडलं. उच्चदाब उद्योगांना अनेक वर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. कारखान्यांनी त्यानुसार पाळ्या बसवल्या, भट्ट्या रात्री पेटवल्या, रात्रपाळीचा भत्ता देऊनही ते परवडत होतं. आयोगाच्या मार्च २०२५ च्या आदेशाने हा तक्ता उलटा झाला. सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडे गेली आणि जादा आकार संध्याकाळी ५ ते मध्यरात्री १२ ला लागला. रात्री १० ते १२ हे सवलतीचे दोन तास थेट दंडाच्या रकान्यात जाऊन बसले. त्या आदेशाला लगेच स्थगिती मिळाली, जूनमध्ये फेरविचाराचा आदेश आला, पुढे कोर्टकचेरीही झाली. दिशा मात्र केंद्राच्या २०२३ च्या नियमांनीच ठरवून दिली होती: सौर तासांत दर किमान २० टक्के कमी असावा, आणि उद्योग-व्यापारासाठी गर्दीच्या तासांत तो किमान १.२ पट असावा.

आंबेगाव-जुन्नरच्या मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या व्यवसायांना हे कसं लागू पडतं ते दुधावरून पाहू. संध्याकाळची धार निघते, दूध संकलनावर येतं आणि ते लवकरात लवकर चार अंशांपर्यंत उतरवावं लागतं. गाय काही टीओडी, म्हणजे तासानुसार वीज मोजणारा, मीटर बघून पान्हा सोडत नाही, त्यामुळे हे काम नेमकं महाग तासांत येतं. समजा शीतकरणाचा १०० किलोवॉटचा भार संध्याकाळी चार तास चालतो. म्हणजे रोज ४०० युनिट. ही थंडी आधीच बर्फाच्या रूपात साठवून ठेवली, म्हणजे आइस बँकेची टाकी बसवली, तर जुन्या दरांत रात्रीची सवलत आणि संध्याकाळचा जादा आकार मिळून युनिटमागे २ रुपये ६० पैसे वाचत. रोजचे १,०४० रुपये, महिन्याला एकतीस हजारांच्या घरात. टाकी घेण्याजोगा हा आकडा आहे.

तक्ता उलटल्यावर ज्याच्याकडे टाकी होती त्याचं फारसं बिघडलं नाही. त्याने बर्फ रात्रीऐवजी दुपारी करायला घेतला. दुपारच्या उन्हात कॉम्प्रेसर जरा जास्त वीज खातो, तेवढा फटका बसला. ज्याने टाकी न घेता नुसती माणसं रात्रपाळीला लावली होती, त्याच्या हातात काही उरलं नाही. बिलावरचा स्वस्त तास आपला नसतो, टाकी आपली असते. बटाट्याच्या शीतगृहात हीच सोय थोड्या प्रमाणात भिंतींत आणि मालातच असते. इन्सुलेशन धड असेल तर खोली दुपारी नीट थंड करून संध्याकाळी यंत्र काही तास मंद ठेवता येतं. इन्सुलेशन फाटलेलं असेल तर कुठलाही दरतक्ता मदतीला येत नाही. वीज खरेदीच्या सल्लागाराला बोलावण्याआधी दरवाजांची रबरं बदलावीत असं माझं मत आहे.

एक सापळा बिलातच असतो. सवलत ९ ला सुरू होते म्हणून ९ ला सगळी यंत्रं एकदम चालू केली, तर महिन्यातल्या कुठल्या तरी एका अर्ध्या तासाची मागणी उसळते. मागणी आकार त्या शिखरावर लागतो, आणि त्याची सावली पुढच्या काही महिन्यांच्या बिलावरही पडते, कारण बिलाची मागणी ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतलं शिखरही धरलं जातं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारातली कमाल मागणी, ओलांडली तर दंड वेगळा. युनिटमध्ये कमावलेलं मागणीच्या केव्हीएमध्ये गेलं, असा हिशेब अनेक ठिकाणी होतो आणि तो कळायला वर्ष जातं.

याहून मोठी जोखीम लांब मुदतीच्या करारांत आहे. २०२२ च्या हरित ओपन अॅक्सेस नियमांनी १ मेगावॉटची अट १०० किलोवॉटवर आणली, त्यामुळे मध्यम कारखान्यांनाही बाहेरची सौर वीज घेता येऊ लागली. विकासक येतो, पंधरा-वीस वर्षांचा दर दाखवतो आणि महावितरणच्या दराशी तुलना करून बचत मांडतो. यात दोन गोष्टी तपासल्याशिवाय सही करू नये. अनेक कंपन्यांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या सामायिक कॅप्टिव्ह प्रकल्पात वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षाच्या उत्पादनातला वापर किमान ५१ टक्के लागतो. सोबतच्या एखाद्या कंपनीचं काम थंडावलं आणि वर्षाअखेर वापर कमी भरला, तर कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार सगळ्यांच्या गळ्यात पडतो. दुसरी गोष्ट याहून साधी आहे. सौर प्रकल्प दुपारी वीज देतो आणि आता ग्रिडही दुपारीच सवलत देतो. दुपारची वीज संध्याकाळच्या खात्यात वळती करण्यावर बंधनंही आली आहेत. मग करार करताना दाखवलेली बचत कोणत्या दरतक्त्यावर काढली होती? लवचीकतेच्या नावाखाली घेतलेली ही वीज एका ठरावीक तासाला पंधरा वर्षं बांधलेली असते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नसावा. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी करार केला. वीज उचलो न उचलो, आकार द्यायचा, तोही डॉलरशी जोडलेला. मे १९९९ मध्ये वीज यायला लागली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. उलट टोकाचं उदाहरण टेक्सासचं. तिथे ग्रिडी नावाची कंपनी ग्राहकांना थेट घाऊक बाजाराच्या भावाने वीज द्यायची. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तो भाव युनिटला ९ डॉलरवर जाऊन थांबला, घरगुती ग्राहकांना हजारो डॉलरची बिलं आली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सगळी वीज करारात बांधणाराही बुडतो आणि सगळी बाजारावर सोडणाराही. किती बांधायची हे आपला किती भार खरोखर हलवता येतो त्यावर ठरतं, आणि तो आकडा बहुतेक व्यवस्थापकांकडे नसतो.

आता या सगळ्यात न दिसणारा पक्ष. वीज यंत्रणेला लागणारी लवचीकता आजवर कुणी पुरवली? या भागात ती शेतकऱ्याने पुरवली. थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशा पाळ्यांनी त्याच्या झोपेवर मागणीचा समतोल साधला गेला. जुन्नर वनविभागात उसाच्या फडात बिबट्या असतो, हे ठाऊक असूनही माणसं रात्री पाण्याची दारं मोडायला जात राहिली. दिवसा वीज द्या ही मागणी इथे जीव वाचवण्याची मागणी आहे. शेतीपंपांसाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने ती पुरी होत असेल तर उत्तमच.

पण त्याचा परिणाम उद्योगांनी ध्यानात घ्यायला हवा. पंप दुपारी चालणार, शीतगृह दुपारी थंड होणार, बर्फ दुपारी बनणार. राज्याच्या पातळीवर दुपारी वीज उदंड असेल, तरी गावाजवळच्या उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर तोच आहे. सौर प्रकल्प त्याच उपकेंद्रावर उभा राहिला तर भार तिथल्या तिथे भागतो. पंप दिवसावर आले आणि प्रकल्प मागे राहिला, तर दरतक्ता ज्या तासाला स्वस्त म्हणतो त्याच तासाला दाब कोसळेल आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग जळेल. आयोगाच्या आदेशात हा खर्च कुठेही दिसत नाही. म्हणून दुपारवर भार हलवण्याआधी आपल्या फीडरचा महिनाभराचा दाब तासागणिक नोंदवून पाहावा, त्याच उपकेंद्रावरची सौर क्षमता कधी उभी राहणार हे महावितरणकडे लेखी विचारावं, आणि विकासकाच्या करारात आयोगाने तास बदलले तर दर पुन्हा ठरेल असं कलम घालून घ्यावं. विकासक या कलमाला नाही म्हणाला, तर बचतीच्या आकड्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नाही असं समजायला हरकत नाही.