बालवाडीच्या बाईंचा परवाना

पहिलीच्या वर्गावर उभं राहायचं तर डी.एड. लागतं, वर टीईटीही. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये आला, त्यापाठोपाठ ही अट आली. कुणाला ती जाचक वाटली असेल, गैर वाटली नाही. त्याच मुलाला आदल्या वर्षापर्यंत कोण शिकवत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण कायद्याचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2014 मध्ये पूर्वप्राथमिकसाठी बारावी आणि पदविका अशी पात्रता ठरवली खरी; पण दोन खोल्यांत भरणाऱ्या नर्सरीत ती तपासायला येतं कोण? परिणाम वहीत दिसतो. साडेतीन वर्षांचं पोर मुठीत पेन्सिल आवळून ‘अ’ गिरवतं, कारण पालकांना घरी लिहिलेलं काहीतरी दिसावं लागतं. बोटांत ती ताकद मणी ओवून, कणीक मळून, कागद फाडून येते, हे ज्या बाईंना कुणी सांगितलंच नाही त्यांना बोल लावून काय उपयोग? तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षकांना परवाना सक्तीचा करावा, असं आमचं मत आहे. मात्र तो पदविकेच्या कागदावर नव्हे, मुलांबरोबरचं काम पाहून मिळावा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अंगणवाडीच्या बाजूने येतो: वर्षानुवर्षं पोरं सांभाळणाऱ्या सेविका या अटीने घरी बसतील. परीक्षा केवळ लेखी ठेवली तर बसतीलही. पण काम पाहून परवाना द्यायचा तर अंगणवाडीला भिण्याचं कारण नाही: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर, अंगणातच बालवाडी भरवली. बालशिक्षण इमारतीवाचून, महागड्या साहित्यावाचून होतं, हे तिथे कधीच सिद्ध झालं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, तीही नोकरी न सोडता, अशी सोय सुचवली आहे. तिला वर्गातल्या निरीक्षणाची जोड द्यावी. परवाना आला की चिरीमिरी आली, ही शंका खोटी नाही. म्हणून निरीक्षक स्वतः बालवाडीत काम केलेला असावा आणि नकाराची कारणं त्याने लेखी द्यावीत. खासगी नर्सऱ्यांची फी वाढेल म्हणता, तर रंगीत गणवेशावर आणि स्नेहसंमेलनावर होणारा खर्च आधी मोजू.

खरी अडचण पैशांची, आणि ती सरकारची आहे. केंद्राने 2018 मध्ये सेविकेचं मानधन 3000 वरून 4500 रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं, तरी नाव मानधनच. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावा लागला. परवाना देताना जिला शिक्षक म्हणायचं, तिला पगाराच्या वेळी मानसेवी म्हणता येणार नाही. पात्रतेची अट आणि वेतनश्रेणी एकाच शासन निर्णयात निघायला हवी.