चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही

पोलीस भरतीत मुलांची छाती न फुगवता किमान 79 सेंटीमीटर भरावी लागते, शिवाय 1600 मीटर धावावे लागते. खामगाव-चिखलीकडे तयारी करणाऱ्या एखाद्या मुलाची छाती स्तनांसारखी वाढलेली दिसली, की सल्ला ठरलेला: ‘वजन उतरव, आपोआप जाईल.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. छातीवर नुसती चरबी असेल तर वजनासोबत ती उतरते. पण स्तनाग्रामागे चकतीसारखा घट्ट, कधी दुखरा भाग हाताला लागत असेल, तर ती ग्रंथी. ती चरबीसारखी जळत नाही. नुसते जोर मारून तर नाहीच, उलट मागचा स्नायू भरला की उभार आणखी पुढे येऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, चरबीतच पुरुषी संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरक बनते, मग चरबी घटली की मूळच तुटले. तर्क बरोबर आहे, आणि लठ्ठ माणसाने वजन उतरवावेच. मात्र वर्षभराहून जुनी ग्रंथी तंतुमय होते. संप्रेरकांचा तोल सावरला तरी ती सहसा राहते आणि नकोच असेल तर शस्त्रक्रियेनेच निघते. वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांत ही वाढ दिसते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत ओसरते, म्हणून त्यासाठी पंधराव्या वर्षी पोराला उपाशी ठेवणे हा निव्वळ अन्याय. जिममधली स्टेरॉइड्स किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध कारण असेल, तर कितीही धावून उपयोग नाही. एकाच बाजूची टणक गाठ किंवा स्तनाग्रातून येणारे रक्त मात्र वजनाच्या भरवशावर सोडू नये. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन सर्जनला दाखवावे.