जंजिरा कुणामुळे राहिला?

मुरुडच्या जंजिऱ्याचे नाव निघाले की ‘अजिंक्य’ हा शब्द मागोमाग येतोच आणि सगळे श्रेय तटाला नि समुद्राला मिळते. १७३३ ची मोहीम नीट पाहिली तर मात्र हे श्रेय वाटून द्यावे लागते. त्या वर्षी जंजिऱ्याचा सत्ताधीश सिद्दी रसूल याकूत वारला आणि गादीवरून त्याच्या घरात भांडण लागले. ही संधी हेरून शाहू छत्रपतींनी बाजीराव पेशवे आणि फत्तेसिंह भोसले यांना कोकणात धाडले. राजपुरीच्या खाडीतली सिद्दीची गलबते हाती आली. शाहूंच्या दरबारातल्या प्रतिनिधींनी जूनमध्ये रायगड घेतला; पण त्यामुळे पेशवे-प्रतिनिधी यांच्यातली जुनी चुरस छावणीतच येऊन बसली. ऑगस्टच्या अखेरीस मराठी आरमाराचे प्रमुख सेखोजी आंग्रे वारले. आरमाराचा आधार गेला आणि पुढे त्यांच्या भावांत कलह पेटला. डिसेंबरात तह करून बाजीराव परतले. जंजिरा सिद्दीकडेच राहिला.

यावर कोणी म्हणेल, पावसाळा आडवा आला, मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला मदत केली, किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव होते. मग दोष माणसांचा कसा? ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण पावसाळा काही अवचित आलेला नव्हता. मोहीमच मे महिन्यात सुरू झाली होती. इंग्रजांची रसद तोडायची आणि पाणी असलेल्या किल्ल्याची अन्नकोंडी करायची, तर समुद्रावर अखंड पहारा हवा. तो आंग्र्यांच्या आरमाराशिवाय अशक्य होता आणि आरमार, प्रतिनिधी, पेशवे यांना एका हुकमात बांधणारे कोणी जागेवर नव्हते.

बारा वर्षांपूर्वी हाच धडा शत्रूने गिरवला होता. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. जहाजे नि तोफा त्यांच्याकडे होत्या, पण परस्परांवर विश्वास नव्हता. उलट किल्ल्याचे धनी, सेखोजींचे वडील कान्होजी आंग्रे यांच्या मदतीला शाहूंच्या फौजा वेळेवर पोचल्या. हल्ला फसला आणि जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह केला. कुलाब्याचा विजय आपण एकजुटीचा म्हणून मिरवतो, तर जंजिऱ्याचे अपयशही बेकीच्या खात्यावर मांडायला हवे. जंजिऱ्याचा तट भक्कम होता, यात शंका नाही. पण १७३३ साली त्याची निम्मी राखण आपल्याच छावणीने केली.