तार कोणी तोडली?

हेडफोन तारेचा वापरावा की बिनतारी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, असे म्हणून चळवळीतील पुष्कळ मंडळी तो हसण्यावारी नेतात. शेतमालाचे भाव, बेकारी आणि खासगीकरण यांवर लढायचे सोडून कानातल्या बोंडांची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. परंतु भांडवलशाही माणसाच्या खिशात हात घालते तेव्हा वस्तू लहान की मोठी हे पाहत नाही. हेही तिचे वर्तन ओळखण्याचेच एक ठिकाण आहे.

साडेतीन मिलिमीटरची पिन ही एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरात असलेल्या पिनेची धाकटी बहीण. ट्रान्झिस्टर, १९७९ सालचा वॉकमन, पुढे मोबाइल, अशा सर्वांत ती चालली. कोणत्याही कंपनीचा हेडफोन कोणत्याही कंपनीच्या यंत्राला जोडता येत असे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी अ‍ॅपल कंपनीने आयफोन ७ जाहीर करताना ही सोय काढून टाकली. कंपनीचे अधिकारी फिल शिलर यांनी या कृतीला ‘धैर्य’ असे नाव दिले. त्याच समारंभात १५९ डॉलर किमतीचे बिनतारी एअरपॉड्सही जाहीर झाले! एका हाताने दार बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने खिडकीचे तिकीट विकायचे, हे धैर्य नव्हे, दुकानदारी होय. गूगल व सॅमसंग यांनी आपल्या जाहिरातींतून या निर्णयाची टर उडवली आणि अनुक्रमे २०१७ व २०१९ साली आपल्या महागड्या फोनांतून तीच सोय काढली. स्पर्धेमुळे ग्राहकाचे हित आपोआप साधते, असे सांगणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

‘लोकांनाच बिनतारी हवे आहे’ हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील ग्राहकाच्या सार्वभौमत्वावर उभा आहे. पण जो पर्याय दुकानातूनच उचलला गेला, तो ग्राहकाने नाकारला असे कसे म्हणावे?

खरा आघात आहे तो वस्तूच्या आयुष्यावर. तारेचा हेडफोन बहुधा पिनेजवळ तुटतो. रस्त्यावरचा कारागीर सोल्डर मारून तो पुन्हा चालू करतो. बिनतारी बोंडात मात्र इवलीशी बॅटरी चिकटवून बंद केलेली असते. काही वर्षांत ती क्षीण होते आणि उत्तम चालणारा ध्वनिभागही तिच्याबरोबर कचऱ्यात जातो. टिकाऊ वस्तूचे असे नाशवंत मालात रूपांतर होते. कारागिराची मजुरी बुडते आणि कंपनीची विक्री वाढते. हा डाव नवा नाही. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाची युती करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले होते. शिवाय अशा बॅटऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून अधिक काँगोच्या खाणींतून येतो. तेथील हातखाणींत मुलेही राबतात.

याचा अर्थ समाजवाद्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरवावी असा नव्हे. यंत्रावर काम करताना किंवा व्यायाम करताना तार अडते. बिनतारी साधन तेथे खरोखर उपयोगी आहे. आक्षेप शोधाला नसून सक्तीला आहे.

ही सक्ती गरिबाला कशी भोवते, याचे एकच उदाहरण पुरे. मोबाइलमधील एफएम रेडिओला अँटेना म्हणून बहुधा हेडफोनची तारच लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कोकणात वीज गेली, मोबाइलचे जाळे कोसळले. अशा वेळी रेडिओला ना इंटरनेट लागते, ना डेटाचे पैसे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलमध्ये एफएमची सोय असावी असे उत्पादकांना सुचवले, त्यामागे आपत्तीचा विचार होताच. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. आणि तार जोडायला जागाच नसेल तर एफएमची सोय असून उपयोग काय?

कायदा होऊ शकतो, हे युरोपने दाखवले आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात फोन व हेडफोन यांसारख्या उपकरणांना एकच चार्जिंग जोडणी सक्तीची झाली. वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता यावी, यासाठी तेथील २०२३ च्या नियमाने फेब्रुवारी २०२७ ची मुदत घातली. भारतात मागणी तीन कलमी असावी: प्रत्येक मोबाइलमध्ये तारेच्या हेडफोनची जागा व चालू एफएम, बदलता येणारी बॅटरी, आणि कोणत्याही कारागिराला सुटे भाग मिळण्याचा हक्क. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्राहक पंचायतींत, कामगार संघटनांत आणि महाविद्यालयांत न्यावी. तार तोडण्याचा निर्णय कंपन्यांच्या बंद दालनांत झाला. ती पुन्हा जोडायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जनतेचा आहे.