बाळाच्या संगोपनाची रजा आई-वडील दोघांना मिळावी आणि तिचा खर्च लेव्हीतून व्हावा, याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
अहिल्यानगर
मार्फत : मा. तहसीलदार साहेब, नेवासा

दिनांक : 2 मार्च 2026

विषय : कांदा निवडणाऱ्या महिलांची माथाडी मंडळात नोंदणी, प्रसूती रजा, वडिलांसाठी राखीव रजा आणि बाजार आवारात पाळणाघर.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे घोडेगाव व आसपासच्या वस्त्यांवरचे रहिवासी आहोत. आमच्यात कांदा निवडणाऱ्या महिला आहेत, हमाल आहेत, दुकानांत आणि पेट्रोल पंपावर काम करणारी मुले आहेत, काही शिक्षकही आहेत. घोडेगावचे नाव जनावरांच्या बाजारामुळे लांबवर गेले; आता उपबाजारातल्या कांद्याच्या लिलावानेही गावात पैसा खेळतो. वक्कल विकले गेले की माल खळ्यावर जातो आणि तिथे महिला तो निवडतात. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, सडका असे ढीग वेगळे होतात. बाळ अंगावर पिणारे असेल तर शेडच्या खांबाला झोळी बांधतात. वाऱ्याने कांद्याची टरफले आणि धूळ झोळीत जाते, म्हणून वर ओली ओढणी टाकतात. आठव्या महिन्यापर्यंत पाटावर बसून काम करायचे आणि बाळंतपणानंतर अंगात त्राण येण्याआधी परत यायचे, ही इथली रीत आहे. खाडा झाला की रोज बुडाला.

कायदा नाही असे नाही. 1961 मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला, 2017 च्या दुरुस्तीने रजा 26 आठवड्यांची झाली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तेवढीच ठेवली. पण आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केल्याची अट आहे. खळ्यावरची हजेरी मुकादमाच्या वहीत असते आणि तिथे नावे नसतात, ‘बाया 12’ एवढेच लिहिलेले असते. आज या खळ्यावर, उद्या त्या. 80 दिवस कोणाकडे भरले आणि दाखला कोण देणार? यात कोणा एका व्यापाऱ्यावर आमचे बोट नाही. कामाची घडणच अशी आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. त्याबद्दल आभारच आहेत, पण ती रजा नव्हे.

आता वडिलांबद्दल. आमच्यातल्या हमाल बांधवांचे म्हणणे असे की मजुरी टोळीत वाटली जाते, एकजण घरी बसला तर त्याचा वाटा जातो, म्हणून बाळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी पाठीवर गोणी घ्यावीच लागते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीतल्या किंवा रोजंदारीवरच्या बापासाठी देशाच्या कायद्यात एक दिवसही नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार दिवंगत राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक मांडले होते. 15 दिवस रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय. त्याचा कायदा झाला नाही. आपल्या राज्य शासनाने 2018 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. तीत पुरुषाला जागा आहे, पण पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणजे बाई धडधाकट आहे तोवर मूल सांभाळायचे तिनेच, असे शासनही धरून चालते.

याचा फटका बाईच्या रोजगाराला बसतो. रजेचा पगार मालकाच्या खिशातून जाणार आणि रजा फक्त बाईलाच मिळणार, असे असले की कामावर ठेवताना मालक हिशेब करतो. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला ‘नंतर कळवतो’ असे सांगितले जाते; तिच्या भावाला लग्नाबद्दल कोणी विचारत नाही. हा पेच जुना आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात 1928 मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले, तरी बाईच्या श्रमातून मालकाला नफा होतो म्हणून त्यानेही वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 मध्ये तो कायदा झाला. भार कोणी उचलायचा, या प्रश्नावर आपण जवळजवळ शंभर वर्षे अडून आहोत.

त्याचे उत्तर आपल्याच राज्यात तयार आहे, असे आम्हाला वाटते. 1969 च्या माथाडी कायद्यात मालक मजुरीबरोबर लेव्हीही मंडळात भरतात आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचा पगार तिथूनच मिळतो. त्या कायद्याच्या अनुसूचीत बाजार समितीच्या आवारातले माल निवडणे, साफ करणे हे कामही आहे. गोणी उचलणारा पुरुष नोंदणीत आला, गोणीत भरायचा कांदा निवडणारी बाई मात्र बाहेर राहिली. तिची नोंदणी झाली तर हजेरी मंडळाच्या दप्तरात नावानिशी येईल आणि 80 दिवसांची अडचण सुटेल. रजेचा पैसा सगळ्यांच्या लेव्हीतून जाईल, त्यामुळे बाई ठेवली म्हणून एकट्या मालकाला तोशीस पडणार नाही.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी : घोडेगावच्या कांदा बाजारातील निवड कामगार महिलांची माथाडी मंडळात नोंदणी करावी, आणि प्रसूती रजेसाठी लेव्हीत वेगळी तरतूद करण्याचा प्रस्ताव आपल्या शिफारशीसह कामगार विभागाकडे पाठवावा. बांधकाम कामगार मंडळ नोंदीत कामगाराला, तसेच नोंदीत कामगाराच्या पत्नीला, नैसर्गिक प्रसूतीसाठी 15,000 आणि शस्त्रक्रियेसाठी 20,000 रुपये देते. तेव्हा मंडळामार्फत हे होऊ शकते.

त्याच तरतुदीत वडिलांना जन्माच्या वेळी 15 दिवस आणि पुढे आणखी चार आठवडे भरपगारी रजा असावी. हे चार आठवडे त्याने घेतले नाहीत तर बुडावेत, बायकोच्या नावावर चढू नयेत. स्वीडनने 1974 पासून रजा आई-बाप दोघांना खुली केली, तरी बाप ती फारशी घेत नव्हते. 1995 मध्ये एक महिना राखीव झाला तेव्हा ते घेऊ लागले. आज तिथे 480 दिवसांपैकी 90-90 दिवस प्रत्येकाचे राखीव आहेत. रजा घेऊन बाप पारावर पत्ते कुटत बसेल, अशी शंका आमच्यातल्याच महिलांनी काढली आणि ती रास्त आहे. म्हणून हे चार आठवडे आई कामावर परतेल त्या दिवसापासून सुरू व्हावेत. घरात दुसरे कोणी नसले की बाळ त्यालाच घ्यावे लागेल.

पाळणाघराचा कायदा 50 कामगार असलेल्या आस्थापनेला लागतो. एकेका खळ्यावर तेवढी माणसे नसतात, त्यामुळे कोणीच बांधील नाही. सगळे आवार एक धरून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून इथे अंगणवाडी-सह-पाळणाघर मंजूर करावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के निधी त्याला जोडावा, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. राज्य कर्मचाऱ्यांच्या बालसंगोपन रजेतली पुरुषांवरची अट काढण्याबाबतही शासनाला कळवावे, ही शिक्षक मंडळींची विनंती.

उन्हाळ कांद्याची आवक वाढण्याआधी नोंदणी सुरू व्हावी. अर्ज भरायला नगरला जायचे तर महिलांचा रोज बुडतो. तरी मंडळाच्या निरीक्षकांनी लिलावाच्या दिवशी दुपारी आवारात येऊन बसावे. मुकादमांच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपले,
घोडेगाव परिसरातील कांदा निवड कामगार महिला, हमाल बांधव, शिक्षक व ग्रामस्थ
(सह्या व अंगठ्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. सहायक कामगार आयुक्त, अहिल्यानगर, मा. अध्यक्ष, माथाडी मंडळ, मा. सरपंच, ग्रामपंचायत घोडेगाव