नंबर पाहण्याचे दहा डॉलर

जुनी गाडी घेणाऱ्या गरिबाला दोन धास्त्या असतात. एक इंजिन बसण्याची, दुसरी पोलीस दारांत येण्याची. इंजिन दुरुस्त होतें. चोरीची गाडी मात्र मूळ मालकाकडे जाते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

अमेरिकेंतील नेब्रास्का हें मका पिकविणाऱ्या व गुरें पाळणाऱ्या लोकांचें राज्य. परराज्यांतून आणलेली गाडी तेथें आपल्या नांवावर करावयाची तर आधीं ती शेरीफाच्या तपासणीस न्यावी लागते. हा जिल्ह्याचा फौजदार, पण लोकांनीं निवडून दिलेला. गाडीवरील नंबर कागदावरील नंबराशीं ताडतात, गाडी किती मैल चालली तें टिपतात आणि दाखला देतात. १९८१ सालच्या गाड्यांपासून तिकडे हा नंबर सतरा खुणांचा आहे. आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें त्यांत घेत नाहींत, कारण तीं एक-शून्याच्या आंकड्यांशीं घोटाळतात. नववी खूण तर बाकीच्या सोळांच्या हिशेबाचा ताळा असते. सावकाराच्या वहीला असा ताळा कधीं असता तर!

या तपासणीची फी दहा डॉलर. ती कायद्यांतच लिहिली आहे, आणि जमा होते ती शेरीफाच्या तपासणीच्या निराळ्या खात्यांत. २०२२ सालीं तेथील मतदारांनीं किमान मजुरी २०२६ पर्यंत तासाला पंधरा डॉलर करण्याचें मतानें ठरविलें. म्हणजे फी एका तासाच्या मजुरीहूनहि कमी. अशा फीबद्दल कुरकुर करणें आम्हांस पटत नाहीं.

आमचा आक्षेप खेपेला आहे. तेथील चेरी जिल्हा एकटाच सुमारें सहा हजार चौरस मैलांचा! त्याच्या टोकाकडील गुराख्याला तेल आणि बुडालेला दिवस धरला तर दहाचे किती होतात? ठरल्या वारीं तपासणीस गांवोगांव फिरला पाहिजे. फी घेणाऱ्यानें थोडें चालावें, देणाऱ्यानेंच कां?

आमच्याकडेहि जुनी गाडी नांवावर करतांना चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनें घांसून ठसा घेतात. सरकारी फी फलकावर असते. दलालाची फी कोणत्या फलकावर वाचावी? आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं जुन्या ट्रॅक्टरचा किंवा टेंपोचा बयाणा देण्यापूर्वींच तो ठसा स्वतः घ्यावा आणि नोंदणीच्या दाखल्याशीं एकेक खूण ताडून पाहावी. त्याला एक कागद आणि एक पेन्सिल पुरते.